भावाच्या रक्तातली मी

दर सहा महिन्यांनी पुण्याहून माझ्या फोनवर एका कागदाचा फोटो येतो. धाकट्या भावाच्या रक्ततपासणीचा अहवाल. त्यातल्या एका ओळीभोवती त्यानं निळ्या पेनानं गोल केलेला असतो : एक्सएक्स १०० टक्के, एक्सवाय शून्य. आणि खाली त्याचा संदेश, 'ताई, अजून तूच आहेस.'

भाऊ सेहेचाळीस वर्षांचा आहे, मिशी ठेवतो, दोन मुलींचा बाप आहे. पण त्याच्या रक्तातली प्रत्येक पेशी बाईची आहे, म्हणजे माझी आहे. त्याचा रक्तगट आधी बी होता, आता माझा ओ झालाय. लायसन्सवर अजून जुनाच गट छापलेला आहे. तो बदलून घे म्हणून मी दर फोनला सांगते आणि तो दर फोनला हो म्हणतो. मंडळाच्या अंकासाठी 'भाऊबिजेवर काहीतरी लिहा की' असा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखी भाऊबीज हीच आहे.

२०१९च्या गणपतीत त्याचा ताप उतरेना. डेंगी असणार असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं. पुण्यात त्या दिवसांत दुसरं काय असणार! हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा रक्त तपासलं, आणि तिसऱ्या दिवशी 'ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया' हे नाव घरात आलं. केमोच्या पहिल्या फेरीत रोग दबला. पण जनुकांची तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, नुसत्या केमोवर थांबलो तर हा परत येणार, मूळपेशींचं प्रत्यारोपण करावं लागेल. त्यासाठी दात्याचे आणि रुग्णाचे 'एचएलए' जुळावे लागतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आम्ही भावंडं दोनच. मी क्योतोहून गेले, रक्त दिलं. जुळलं.

जानेवारी २०२०मध्ये मी दाता झाले. ऐकणाऱ्याला वाटतं, फार मोठं काहीतरी केलं. खरं सांगते, चार दिवस इंजेक्शनं घेतली, त्यानं कंबर आणि छातीचं हाड ठणकत राहिलं. पाचव्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून चार तास यंत्राशेजारी पडून राहिले. ओठांना मुंग्या आल्या तर नर्स कॅल्शियम द्यायची. शेवटी टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक पिशवी भरली. भावाला ती सलाइनसारखी चढवली, तासाभरात संपली. आई बाहेर बसून 'ऑपरेशन अजून सुरू झालं नाही का' म्हणून विचारत होती.

त्या वेळी माझ्या डोक्यात शेतीचं चित्र होतं. रोगट पीक केमोनं जाळून टाकायचं, जमीन मोकळी करायची आणि त्यात माझी निरोगी रोपं लावायची. मूळपेशी म्हणजे रोपं. हे चित्र अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं आम्हाला आधी कुणी नीट समजावून सांगितलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे. केमो कितीही जहाल दिली तरी काही रोगट पेशी उरतातच. त्या शोधून मारायचं काम दात्याच्या लढाऊ पेशी करतात, मुख्यतः टी-पेशी. म्हणजे मी भावाला रोपं दिली तशी राखणदारांची फौजही दिली. आणि या फौजेला भावाच्या रोगट पेशी जशा परक्या दिसतात, तशीच त्याची कातडी, आतडी आणि यकृतही परकं दिसू शकतं. पहिल्या गोष्टीनं माणूस वाचतो. दुसऱ्या गोष्टीला जीव्हीएचडी म्हणतात, म्हणजे दात्याच्या पेशींनी यजमानावरच उठणं.

हे दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू असाव्यात, अशी शंका डॉक्टरांना फार आधी आली होती. १९७९ साली सिॲटलच्या गटानं दाखवलं, की ज्यांना जीव्हीएचडी होतो त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण कमी असतं. १९९० साली २,२५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांमध्ये रोग जास्त वेळा परतत होता. दात्याच्या टी-पेशी आधीच गाळून टाकल्या तरी तेच. म्हणजे जुळं भावंड हा सगळ्यात सोयीचा दाता. काही त्रास नाही, पण राखणदारही नाही. त्याच वर्षी म्युनिकमध्ये कोल्ब यांनी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया परतलेल्या रुग्णांना त्यांनी त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, आणि रोग मागे हटला.

हे सगळं मी पुण्यात नव्हे, क्योतोत परत आल्यावर शिकले. आणि शिकवलं कुणी, तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजींनी.

आमचं घर साक्यो वॉर्डात. तिथून कामो नदीकडे सायकलनं जाताना क्योतो विद्यापीठाचं रुग्णालय लागतं. शेजारच्या या आजी मूळच्या नागासाकी प्रांतातल्या, गोतो बेटांवरच्या. पन्नास-साठच्या दशकांत क्युशूतली शाळा सुटलेली मुलं रेल्वेगाड्या भरभरून ओसाका-क्योतोकडे कामाला येत. आजी आणि त्यांचे यजमान त्यांतलेच. मी पुण्याहून परतले, भावाबद्दल सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'आमच्याकडेही झालं होतं. आमचं वेगळं होतं. ते आईच्या दुधातून आलं होतं.'

मला वाटलं माझंच जपानी कमी पडतंय. पण आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

सत्तरच्या दशकात क्योतो विद्यापीठात ताकात्सुकी कियोशी, उचियामा ताकाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे काही विचित्र रुग्ण येऊ लागले. वय पन्नाशीच्या आसपास, गळ्याला-काखेत गाठी, अंगावर चट्टे, आणि ल्युकेमियाच्या औषधांना दाद नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पांढऱ्या पेशींचं केंद्रक फुलाच्या पाकळ्यांसारखं दुमडलेलं दिसे. आजही त्यांना 'फ्लॉवर सेल' म्हणतात. पेशी टी-जातीची आहे का हे ओळखायची त्या काळची रीत मोठी मजेची होती. मेंढीच्या तांबड्या पेशींत ती मिसळायची; टी-पेशी असेल तर मेंढीच्या पेशी तिच्याभोवती गोल चिकटून बसतात. या रुग्णांच्या पेशींभोवती त्या चिकटल्या. पण डॉक्टरांनी आणखी एक साधी गोष्ट केली, जी मला सगळ्यात आवडते. त्यांनी रुग्णांची जन्मगावं विचारली. रुग्ण क्योतोत भेटले, पण जन्मलेले बहुतेक क्युशूत! १९७७ साली त्यांनी १६ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि रोगाला नाव दिलं, ॲडल्ट टी-सेल ल्युकेमिया, थोडक्यात एटीएल.

जन्मगाव एक म्हटल्यावर कारणही मातीतलं, पाण्यातलं नाहीतर संसर्गातलं असणार. १९८१ साली क्योतो विद्यापीठाच्याच विषाणू संशोधन संस्थेतल्या हिनुमा योरिओ यांनी दाखवलं, की एटीएलच्या तपासलेल्या सगळ्या रुग्णांच्या रक्तात एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत, आणि हा रोग जिथे जास्त आहे त्या भागातल्या निरोगी प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तातही आहेत. कारण होता एक विषाणू, एचटीएलव्ही-१. अमेरिकेत गॅलो यांच्या गटालाही तो आदल्या वर्षी वेगळ्या वाटेनं सापडला होता. तो आईच्या दुधातून बाळाकडे जातो, शरीरसंबंधातून जातो, रक्तातून जातो, आणि मग चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसतो. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. शंभरातल्या जेमतेम पाच जणांना ल्युकेमिया होतो. जपाननं १९८६पासून दान केलेलं रक्त या विषाणूसाठी तपासायला सुरुवात केली. आता गर्भवतींचीही तपासणी होते.

आजींच्या सासूबाईंना शेवटपर्यंत हे कुणी सांगितलं नाही. 'सांगून काय करायचं? दूध पाजणं हा काय गुन्हा आहे?' असं आजी म्हणाल्या. हे ऐकताना मला का कुणास ठाऊक, टोमॅटोच्या साराच्या रंगाची ती पिशवी आठवली.

यजमानांचा रोग उग्र होता. नुसत्या केमोवर अशा रुग्णांचं आयुष्य साधारण वर्षभर. उपाय एकच, प्रत्यारोपण. त्यांना दोन भाऊ. पण एकाच आईचं दूध प्यायलेले ते. एका भावाच्या रक्तातही विषाणू निघाला, दुसऱ्याचं एचएलए जुळलं नाही. शेवटी कुण्या अनोळखी बाळाच्या नाळेतलं रक्त मिळालं. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि ते गेले. ल्युकेमिया परतला नव्हता, हे आजी दोनदा सांगतात.

२०१० साली क्योतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी देशभरातल्या एटीएलच्या ३८६ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. १५४ जणांना जुळणाऱ्या नातेवाइकाकडून पेशी मिळाल्या होत्या, ९० जणांना नाळेतलं रक्त. तीन वर्षांनी जिवंत होते ३३ टक्के. आकडा वाचून पहिल्यांदा माझ्या पोटात खड्डा पडला. पण दुसऱ्या बाजूनं बघा. ज्या रोगात औषधं हात टेकतात, तिथे तिघांतला एक जण तीन वर्षांनी जगलेला आहे, आणि त्याला जगवणारी गोष्ट औषध नसून दुसऱ्या माणसाच्या पेशी आहेत.

त्याच गटातल्या कान्दा जुन्या आणि सहकाऱ्यांचा २०१२चा अभ्यास मी शब्दकोश घेऊन वाचला, कारण माझा प्रश्न नेमका तोच होता : हा जीव्हीएचडी हवा की नको? त्यांनी २९४ रुग्ण तपासले. तीव्र जीव्हीएचडीच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा त्रास झालेले रुग्ण, अजिबात त्रास न झालेल्यांपेक्षा जास्त जगले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गेलेले मात्र कमी जगले. थोडी पुरळ यावी, पण फार नको. आमटीतल्या मिठासारखं प्रमाण. फरक इतकाच, की हे मीठ घालणारा हात आपला नाही.

हे वाचलं तेव्हा ऑगस्ट २०२० चालू होता, आणि हा शास्त्राचा विषय राहिलेला नव्हता. भावाच्या अहवालात एक्सएक्स १०० वरून ९३ वर आलं होतं. सात टक्के तो स्वतः परतला होता. कोणत्याही दुसऱ्या घरात मुलगा परत आला तर आनंद होतो; आमच्याकडे आई देवापाशी जाऊन बसली. विमानं बंद होती. जपानमधून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्या परदेशी रहिवाशांना परत येऊ देतील की नाही याची खात्री नव्हती, आणि माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. माझ्या पेशी पुन्हा लागल्या तर काय, या विचारानं मी रात्री नकाशे बघत बसायची, जणू पुण्याला सायकलनं जाता येणार होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या पहिल्या दानातल्या काही पेशी गोठवून ठेवलेल्या आहेत, त्या लागल्या तर वापरू. पण आधी सायक्लोस्पोरिन कमी करून बघू. सायक्लोस्पोरिन म्हणजे माझ्या फौजेला बांधून ठेवणारं औषध. ते काढलं की फौज मोकळी. क्युशूतल्या डॉक्टरांनी एटीएलच्या रुग्णांत हेच नोंदवलेलं मी वाचलं होतं : प्रत्यारोपणानंतर रोग परतला, हे औषध थांबवलं, आणि काही जणांत दुसरं काही न देता रोग पुन्हा नाहीसा झाला.

तीन आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. 'ताई, त्यांच्या तळहातांवर पुरळ आली आहे!' ती रडत होती की हसत होती ते कळेना. आम्ही दोघी फोनवर पुरळ आल्याचा आनंद करत होतो. पुढच्या महिन्यात एक्सएक्स ९८, त्याच्या पुढच्या महिन्यात १००. गोठवलेल्या पेशी लागल्याच नाहीत.

मग बिल आलं. पुरळ गेली, पण डोळ्यांतलं पाणी आटलं, तोंड आतून सोलल्यासारखं झालं. जुनाट जीव्हीएचडी. नंतर कळलं, की बहिणीच्या पेशी भावाला दिल्या की हे जास्त होतं. एचएलए शंभर टक्के जुळलं तरी पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे तयार होणारे काही तुकडे असतात, ते बाईच्या पेशींनी कधी पाहिलेले नसतात. त्यातून जिला मूल झालंय तिच्या पेशी तर आणखीच सावध असतात. याच कारणानं बहिणीकडून पेशी मिळालेल्या भावांत ल्युकेमिया परतण्याचं प्रमाणही कमी दिसतं. मिसळ आणि ठेच्यावर वाढलेला माझा भाऊ आज साधी काळी मिरीसुद्धा खाऊ शकत नाही. त्याची लहानपणीची सगळी लसीकरणं पुन्हा करावी लागली, धाकट्या लेकीबरोबर रांगेत बसून. मी एकदा त्याला म्हटलं, माझ्यामुळे तुला हे भोगावं लागतंय. तो म्हणाला, 'लहानपणी चिमटे काढायचीस, आता आतून काढतेस. सवय आहे.'

माझ्या पेशींपासून ल्युकेमिया लपतो कसा, हा प्रश्नही क्योतोतच पुढे गेला. होन्जो तासुकु यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ हा टी-पेशींवरचा ब्रेक सापडला. २०१८चं नोबेल त्याचंच. २०१६ साली ओगावा सेइशी यांच्या गटानं दाखवलं, की एटीएलच्या साधारण २७ टक्के रुग्णांत रोगट पेशी आपल्या एका जनुकाचं शेपूट मोडून घेतात आणि हा ब्रेक दाबणारं प्रथिन भरमसाट तयार करतात. राखणदार समोर येतो, त्याचा पाय ब्रेकवर पडतो, चोर निघून जातो. मग ब्रेकच काढून टाकावा, असं कुणालाही सुचेल. पण एटीएल हा टी-पेशींचाच रोग. अमेरिकेत तीन रुग्णांना ब्रेक काढणारं औषध दिलं तर रोगच उसळला, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. मोगामुलिझुमाब या जपानी औषधाचीही अशीच गोष्ट. २०१२ साली ते आलं, एटीएलच्या पेशी छान मारतं, पण फौजेला आवर घालणाऱ्या टी-पेशीही त्यात मरतात. ते दिल्यावर लगेच, पन्नास दिवसांच्या आत प्रत्यारोपण केलं तर जीव्हीएचडी हाताबाहेर जातो. या विषयात सरळ रस्ता असा नाहीच.

आपल्याकडचं एक सांगायचं राहिलं. भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३च्या मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि दाता तिचा भाऊ.

भावंड जुळलं नाही तर नोंदवहीकडे जावं लागतं. जपानची मज्जा बँक १९९१च्या डिसेंबरात सुरू झाली, आज तिच्यात साडेपाच लाखांच्या आसपास दाते आहेत, आणि बहुतेक जपानी रुग्णांना तिथे कुणीतरी जुळतं. आपल्याला जुळणं अवघड, कारण एचएलए वंशाबरोबर चालतं. कोल्हापूरच्या माणसाला होक्काइदोत दाता कुठून मिळणार? म्हणून मंडळातल्या तरुणांना मी भेटेल तिथे सांगते. जपानी संमतीपत्रक वाचून समजत असेल तर इथे अठरा ते चोपन्न वयापर्यंत नाव नोंदवता येतं, अवघं दोन मिलिलिटर रक्त लागतं. आणि भारतात गेलात की तिथल्या दात्रीसारख्या नोंदवहीत गालाच्या आतला बोळा देऊन या. मला आता नोंदवता येत नाही. माझं दान होऊन गेलं आणि वयही.

आजी ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या दिवाळीत त्यांना करंज्या नेऊन दिल्या तर म्हणाल्या, या गोतोला असतात तशा दिसतात, आणि आत गोड निघाल्यावर बराच वेळ हसल्या. या वर्षी आईनं पुण्याहून पाठवलेल्या फराळात दोन डबे चिवड्याचे आहेत. भावासाठी केलेला, बिनमिरचीचा चिवडा आता सगळ्या घरालाच करतात म्हणे. माझ्या वाट्याला मात्र तिखट आलाय. भाऊबिजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळणार आहे. भारतात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आमच्याकडे रात्रीचे दहा, तेव्हा मुलाला जागं ठेवावं लागेल. पुढची रक्ततपासणी त्यानंतर आठ दिवसांनी आहे.